मेंडिपची पायवाट: हेदरचा माळ, चुनखडीच्या घळी आणि उभे दगड

चेडरच्या घळीत बहुतेक लोक गाडीने येतात, कड्याखाली उभे राहून फोटो काढतात, चीज घेतात आणि तासाभरात निघतात. ब्रिस्टल, बाथ, कार्डिफकडे राहणाऱ्या किंवा उन्हाळ्यात मुलांकडे येणाऱ्या मराठी मंडळींना माझे आग्रहाचे सांगणे आहे की ती घळ सर्वांत शेवटी पाहा. आधी डोंगराच्या उत्तर अंगाने बरिंग्टन कूम या दरीतून चढा, हेदरचा (जांभळ्या फुलांच्या बुटक्या झुडपांचा) माळ ओलांडा आणि पाण्याच्या मागोमाग चेडरमध्ये उतरा. मग ते कडे असे का उभे आहेत, हे पायांनाच कळते.

मेंडिप हा इंग्लंडच्या सॉमरसेटमधला बुटका, पूर्व-पश्चिम पसरलेला डोंगर. सर्वांत उंच जागा बीकन बॅच, ३२५ मीटर. सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला हा आकडा क्षुल्लक वाटेल, पण इथे उंचीपेक्षा पायाखालचा दगड महत्त्वाचा. आपल्या बेसाल्टवर पाऊस पडला की पाणी कड्यांवरून कोसळते, टाक्यांत साठते. मेंडिपचा बराचसा भाग चुनखडीचा आहे आणि चुनखडी पाणी पिऊन टाकते. फक्त ब्लॅक डाउनचा, म्हणजे बीकन बॅच ज्यावर आहे त्या माळाचा, माथा तांबड्या वालुकाश्माचा. तिथे पाणी जमिनीवर टिकते, ओहळ वाहतात, आणि चुनखडीची हद्द लागताच एखाद्या खळग्यात शिरून दिसेनासे होतात.

आम्ही ऑगस्टच्या अखेरीस गेलो, कारण हेदर तेव्हाच फुलते. सुरुवात बरिंग्टन कूमच्या पायथ्याच्या वाहनतळापासून केली. रस्त्याच्या कडेलाच अ‍ॅव्हेलिन्स होल ही गुहा आहे. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी लोक इथे आपली माणसे पुरत असत. ब्रिटनमधली ही सर्वांत जुनी ज्ञात दफनभूमी. इथले बरेचसे सांगाडे ब्रिस्टलच्या संग्रहालयात ठेवले होते, ते १९४० च्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाले. ही गोष्ट लक्षात ठेवून वर चढा.

कारण माथ्यावर पोचल्यावर हेदरमध्ये मातीच्या लहान लहान उंचवट्यांच्या सरळ रांगा दिसतात. पाहताक्षणी त्या प्राचीन थडग्यांसारख्या वाटतात, पण आहेत दुसऱ्या महायुद्धातल्या. शत्रूची विमाने माळावर उतरू नयेत म्हणून त्या रचल्या होत्या. याच माळावर ब्रिस्टल शहर जळत असल्याचा देखावाही उभा केला जाई, म्हणजे रात्री बॉम्ब शहराऐवजी या ओसाड माथ्यावर पडावेत. खरी प्राचीन थडगी, कांस्ययुगातली गोल टेकाडे, बीकन बॅचच्या टोकाशी आहेत. साडेतीन-चार हजार वर्षांच्या अंतराने माणसांनी एकाच माळावर माती रचली, एकदा मृतांसाठी आणि एकदा जिवंतांना वाचवण्यासाठी. मी तिथे बराच वेळ थांबलो.

माथ्यावरून उत्तरेला ब्लॅगडन आणि च्यू व्हॅलीचे तलाव, पश्चिमेला ब्रिस्टलची खाडी आणि पलीकडे वेल्स (Wales) देशाचे डोंगर दिसतात. हेदरच्या जोडीने बिलबेरीची झुडपे आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये त्यांची निळी फळे पिकतात, आपल्या करवंदांसारखी वाटेतच खावीत. गॉर्स हे झुडूप मात्र काटेरी असते, त्यात शिरू नका. उन्हाच्या दिवशी पायवाटेवर अ‍ॅडर साप पहुडलेला असू शकतो. तो विषारी आहे, पण पावलांच्या हादऱ्याने बहुधा स्वतःच निघून जातो. नेच्याच्या रानात गोचिडीही असतात आणि त्यांच्या चाव्यातून लाइम रोग होऊ शकतो. पूर्ण पँट घाला, ती मोज्यांत खोचा आणि घरी आल्यावर गुडघ्याच्या मागे, काखेत नीट पाहा.

दक्षिणेकडे उतरताना एका ठिकाणी हेदर संपते आणि हिरवे, आखूड गवत सुरू होते. तीच दगड बदलल्याची खूण. पुढे चार्टरहाउस. रोमन सैन्य ब्रिटनमध्ये आले इ.स. ४३ मध्ये आणि त्यानंतर काही वर्षांतच इथे त्यांच्या शिशाच्या खाणी सुरू झाल्या होत्या. खाणकाम एकोणिसाव्या शतकापर्यंत अधूनमधून चालूच राहिले. त्याचे अवशेष म्हणजे काळी, काचेसारखी चमकणारी धातुमळी आणि उकरलेली ओबडधोबड जमीन. मुले बरोबर असतील तर माती हाताळू देऊ नका, तिच्यात अजून शिसे आहे. खाण्याआधी सगळ्यांनी हात धुवावेत. जुन्या खाणींची तोंडे असल्यामुळे वाट सोडणेही बरे नाही.

चार्टरहाउसपासून व्हेल्वेट बॉटम नावाची दरी सुरू होते. चालायला ही सगळ्यात सोपी जागा, तळ सपाट आणि हिरवळीचा. दरी आहे पण नदी नाही. हिमयुगात जमीन गोठलेली होती, चुनखडीच्या भेगा बर्फाने बुजल्या होत्या, त्यामुळे उन्हाळ्यात वितळलेल्या बर्फाचे पाणी वरूनच वाहिले आणि त्यानेच ही दरी आणि पुढची चेडरची घळ कापली. जमीन वितळली तसे पाणी पुन्हा खाली गेले आणि दरी कोरडी पडली. अपवाद जुलै १९६८ चा. त्या महिन्यातल्या एका रात्रीच्या अतिवृष्टीत पाणी पुन्हा वरून वाहिले आणि घळीतला रस्ता उखडून गेला.

व्हेल्वेट बॉटम संपले की ब्लॅक रॉक, आणि मग मोटारींचा रस्ता लागतो. इथे निर्णय घ्यावा लागतो. रस्त्याने घळीतून खाली जाऊ नका. पदपथ जवळजवळ नाही आणि वळणांवर गाड्या वेगात येतात. रस्ता ओलांडून दक्षिणेच्या माथ्याची वाट धरा. चढ खडा आहे, पण वर गेल्यावर १३७ मीटर खोल घळ पायाशी उघडते. कड्याला कठडा नाही आणि पावसानंतर चुनखडी साबणासारखी निसरडी होते. लहान मुलांचा हात सोडू नका, सेल्फीसाठी टोकावर जाऊ नका. कड्यांवर रानशेळ्या आणि सोए जातीच्या मेंढ्या चरतात. त्यांच्या चरण्यामुळे झुडपे माजत नाहीत आणि चेडर पिंक या गुलाबी फुलाला उघडा दगड मिळतो. ते जूनमध्ये येते.

खाली उतरायला जेकब्ज लॅडर नावाच्या २७४ पायऱ्या आहेत, त्यांना तिकीट लागते. माथ्यावरची वाट आणि शेजारून झाडीतून गावात उतरणारी पायवाट मोफत आहे. गावात पोचलात की गॉफ्स केव्ह या गुहेजवळ खळाळते पाणी बाहेर पडताना दिसेल. माळाच्या कडेला जमिनीत शिरलेल्या ओहळांपैकी काहींचे पाणी इथे येते. याच गुहेत १९०३ मध्ये चेडर मॅन हा सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचा सांगाडा सापडला. २०१८ मध्ये त्याच्या डीएनएवरून शास्त्रज्ञांनी सांगितले की त्याची त्वचा बहुधा सावळी ते काळी आणि डोळे फिकट असावेत.

ही सगळी वाट साधारण १२ किलोमीटर. जेवण धरून पाच-सहा तास ठेवा. सुरुवात आणि शेवट वेगळ्या ठिकाणी असल्यामुळे एक गाडी आधीच चेडरला लावून ठेवा, किंवा टॅक्सी सांगून ठेवा. वाटेत माथ्यावर खायला काही मिळत नाही. दशम्या, चटणी आणि दीड-दोन लिटर पाणी बरोबर असू द्या. चीज घेताना शाकाहारी मंडळींनी वेष्टनावर पाहावे, पारंपरिक चेडरमध्ये प्राणिज रेनेट (वासराच्या पोटातून काढलेले, दूध घट्ट करणारे द्रव्य) असते.

दुसऱ्या दिवसासाठी डोंगराच्या दक्षिण पायथ्याच्या वेल्स (Wells) शहरातून वेस्ट मेंडिप वे ही पायवाट धरा आणि वूकी होलवरून एबर गॉर्जकडे जा. एबर चेडरपेक्षा खूप लहान आहे, पण तिच्यात मोटारींचा रस्ता नाही. शेवाळलेले दगड, नेचे, दोन्ही अंगांना हात पोचावेत इतका जवळ आलेला कातळ. मला ती चेडरपेक्षा अधिक आवडली. ही घळ चढत जावी, ओल्या दगडांवरून उतरत येऊ नये. म्हणूनच वेल्सहून निघायचे. वर प्रिडी गाव, आणि गावाबाहेर नॉर्थ हिलवर नाइन बॅरोज ही कांस्ययुगातली नऊ थडगी. शेजारच्या ॲशेन हिलवर आणखी आठ, एका ओळीत. वाट जिथवर जाते तिथवरच जावे आणि टेकाडांवर चढू नये. प्रिडीजवळ जमिनीत शिरणारे पाणी वूकी होलमध्ये नदी होऊन बाहेर येते, म्हणजे सकाळी जिथून आलात तिथेच.

नकाशा ऑर्डनन्स सर्व्हे एक्सप्लोरर १४१ घ्या, कागदी. घळींत मोबाइलला रेंज नसते आणि माथ्यावर धुके पटकन उतरते. वाटेवरच्या खुणांत पिवळा बाण म्हणजे फक्त पायी जाण्याची वाट, निळा म्हणजे घोडे आणि सायकलींनाही मुभा. फाटक जसे दिसले तसे ठेवा. वासरांसह गायी असतील तर त्यांच्या मधून जाऊ नका, कडेने वळसा घ्या. डिसेंबरात चार वाजता अंधारते, तेव्हा हा बेत मार्च ते ऑक्टोबरच ठेवा.

उभे दगड पाहायचे तर डोंगराच्या उत्तरेला, च्यू नदीकाठी स्टँटन ड्रू गाव आहे. तिथल्या मोठ्या वर्तुळाचा व्यास सुमारे ११३ मीटर. ब्रिटनमध्ये याहून मोठे फक्त एव्हबरीचे. रविवारीही नाचत राहिलेले लग्नाचे वऱ्हाड सैतानाने दगड केले, अशी गावातली कथा. १९९७ च्या चुंबकीय सर्वेक्षणात गवताखाली खड्ड्यांची नऊ समकेंद्री वर्तुळे दिसली. बहुधा त्यांत लाकडी खांब उभे होते. नागपूरजवळ जुनापाणीला शिलावर्तुळे पाहिलेल्यांना इथे आल्यावर ओळखीचे वाटेल, पण ती लोहयुगातली दफने, दगडही लहान. स्टँटन ड्रू त्याहून हजारभर वर्षांनी तरी जुने आहे. जागा शेतात आहे, त्यामुळे गुरे असतात आणि पावसाळी दिवसांत चिखल होतो. फाटकाशी प्रवेशाचे पैसे टाकायची पेटी आहे, सुटी नाणी न्या. तीन मोठ्या दगडांचा ‘कोव्ह’ मात्र या शेतात नाही, गावातल्या पबच्या मागच्या बागेत आहे. तो पाहायला बरेचजण विसरतात.