पावणेचार पर्वती, दोन बॅगा

"स्टेशनपासून चालत दहा मिनिटं." खोली देणाऱ्याने एवढंच कळवलं होतं. ही दहा मिनिटं उभी आहेत, हे काही बोलला नाही.

इटलीतल्या चिंक्वे तेर्रेच्या पाच गावांपैकी चार समुद्राला टेकलेली. कॉर्नील्या तेवढं शंभरेक मीटर वर, कड्यावर. स्टेशन मात्र खालीच. मधे लार्दारिना नावाचा विटांचा जिना: 33 टप्पे, 382 पायऱ्या. आपल्या पर्वतीच्या 103. म्हणजे पावणेचार पर्वती, त्याही दिवसभर ट्रेन बदलून झाल्यावर. मी 66, हे 71. रोज तळजाईच्या टेकडीवर फिरतो, त्यामुळे 'आपल्याला काय होतंय' हा माज होताच.

वर जायला स्टेशनजवळून छोटी बस असते. आम्ही उतरलो तेव्हा शेवटची निघून गेली होती. एक पोरगा आला, बॅगेमागे वीस युरो म्हणाला. "पंधरा दिवसांची भाजी येते," असं म्हणून ह्यांनी बॅग उचलली. मग दर टप्प्यावर बॅगेवर बसायचं आणि घोटभर पाणी प्यायचं. विसाव्या टप्प्याला आठवलं, ह्यांची बीपीची गोळी राहिलीय. ती बॅगेच्या तळाशी, भाजणीच्या पिशवीखाली. तीन किलो भाजणी मी कुणासाठी नेली होती देव जाणे! पायरीवरच अर्धा संसार मांडला. येणारे-जाणारे साड्या ओलांडून जात होते.

पाऊण तासाने वर पोचलो. खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मला हसूच यायला लागलं.

साठी उलटली असेल तर मुक्काम शेजारच्या ला स्पेत्सिया किंवा लेवांतोला ठेवा. तिथून पाचही गावांना ट्रेन आहेत. गावातच राहायचा हट्ट असेल तर मोंतेरोस्सो, तिथे स्टेशनसमोरच किनारा. चिंक्वे तेर्रेचं ट्रेनचं कार्ड काढलंत तर गावातल्या बस त्यातच येतात. बस असताना जिना चढणं हा निव्वळ मूर्खपणा. चालायची हौस रिओमाज्जोरे ते मानारोला या वाटेवर भागवा. 2012 पासून बंद होती, 2024 मध्ये उघडली. जेमतेम किलोमीटरभर आणि जवळजवळ सपाट. वेळ आधी बुक करावी लागते. इतर डोंगरवाटांवर चपला घालून गेलात तर दंड आहे. हॉटेलच्या बिलात 'कोपेर्तो' दिसेल. ते माणशी बसण्याचे पैसे, फसवणूक नव्हे, भांडू नका. आम्ही भांडलो.



आणि कॉर्नील्यात दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी उघडली, तर उतरणीवरच्या द्राक्षमळ्यांवर कोवळं ऊन, खाली नुसता समुद्र. खाली बेकरीत फारिनाता मिळाली. हरभऱ्याच्या पिठाची, भट्टीत भाजलेली. आपला बेसनाचा पोळाच. रात्रीचं सगळं विसरून मी म्हटलं, आणखी एक दिवस राहू या.

राहिलो. दुपारी हे एकटेच जाऊन पायऱ्या मोजून आले. 379 भरल्या म्हणतात. पुन्हा मोजायला मी जाणार नाही.