बंड्याच्या हृदयाभोवतीचं पाणी

बंड्या आमचा बॉक्सर जातीचा कुत्रा, 9 वर्षांचा. गणपतीनंतर त्याचं पोट फुगायला लागलं आणि चाळीचा जिना चढताना तो मध्येच बसू लागला. जवळच्या डॉक्टरांनी पोटात पाणी बघून लघवीच्या गोळ्या दिल्या. पाचव्या दिवशी तो मोरीपाशी कोसळला. हिरड्या पांढऱ्याफटक.

त्या गोळ्यांचा राग अजून जात नाही. हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी साठलं की हृदयाला फुलायला जागाच उरत नाही. मागे रक्त तुंबतं आणि पोटात पाणी उतरतं. त्यात गोळीने अंगातलं पाणी काढलं, तर हृदयात येणारं रक्त आणखी घटतं. आधी टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला हवा होता.

आम्ही लालबागकर, जनावर आजारी म्हणजे परळचं बैलघोडा हॉस्पिटल. एक्स-रेत हृदय चेंडूसारखं गोल दिसलं. मग दुसरीकडे एको केला. पडद्यावर काळ्या दिसणाऱ्या पाण्यात हृदय डोलत होतं आणि महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या, मुळाशी लिंबाएवढी गाठ होती.

लगेच त्याला डाव्या कुशीवर निजवलं, ईसीजी लावला आणि उजव्या बरगड्यांमधून सुई घातली. सिरिंजमध्ये लालभडक रक्तच आलं. माझे हातपाय गळाले. डॉक्टरांनी थोडं काचेच्या नळीत घेतलं. "हे गोठलं तर सुई हृदयात गेली. नाही गोठलं तर पिशवीतलंच." मी त्या नळीवरून नजर हलवली नाही. ते पातळच राहिलं. 300 मिलीच्या वर निघालं, आणि टेबलावरच बंड्याने मान उचलली.

उजव्या कर्णिकेवर, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यावर, गाठ असती तर हिमँजिओसार्कोमाची, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या कॅन्सरची भीती. तो झपाट्याने पसरतो, ऑपरेशन करूनही बहुतेकदा काही महिनेच मिळतात. बॉक्सर, बुलडॉग यांना महाधमनीच्या मुळाशी होणारी गाठ बहुधा सावकाश वाढते. म्हणून कुठे पसरलंय का ते बघायला आधी पोटातल्या प्लीहेची सोनोग्राफी, फुप्फुसांचे एक्स-रे. कुठे पसरलेलं नव्हतं.

"गाठ काढणार नाहीत, मग ऑपरेशन कसलं?" आई विचारत राहिली. गाठ मोठ्या रक्तवाहिन्यांना बिलगलेली, ओढली तर रक्तस्राव. म्हणून छाती उघडून पिशवीचाच मोठा भाग कापला. आता पाणी झिरपलं तरी छातीच्या पोकळीत जातं, तिथे शोषलं जातं, हृदय दबत नाही. बायोप्सीत केमोडेक्टोमा आला, म्हणजे तीच सावकाश वाढणारी गाठ. दोन रात्री छातीत नळी होती. मी त्याच्या पिंजऱ्याशेजारी बसून होते.

याला 10 महिने झाले. दर तीन महिन्यांनी एको करतो. गाठ किंचित वाढली आहे. बंड्या जिना चढताना अजून मध्ये थांबतो, पण बसत नाही.