आगमनकाळात एकच दोष, दिवसाला दोन ओळी

आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे तयारीचे चार आठवडे, लागला की ख्रिस्ती घरांत संकल्पांची यादी होते. रोज चर्चमध्ये मिस्सा (प्रभुभोजनाची उपासना), रोज रोझरी (मण्यांच्या माळेवरची प्रार्थना), गोड बंद, मोबाइल कमी, कोणावर ओरडायचं नाही. पहिल्या रविवारी जांभळी मेणबत्ती पेटते तेव्हा यादी जोरात असते. दुसरा रविवार येईपर्यंत कॅरलच्या तालमी, घराचं रंगकाम, येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी गवत आणि करंज्यांचं सारण यांत ती कुठे जाते, पत्ता लागत नाही. यादीतल्या सगळ्या गोष्टी चांगल्याच असतात, पण एकीचाही हिशेब कोणी ठेवलेला नसतो.

जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी या दुखण्यावर फार साधा उपाय लिहून ठेवला आहे. पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये मान्यता दिलेल्या त्यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तिकेत, अगदी सुरुवातीच्या पानांवर, तो सापडतो. एका वेळी एकच दोष घ्यायचा आणि त्याची दिवसातून दोनदा तपासणी करायची. संत फ्रान्सिस झेवियर पॅरिसमध्ये असताना १५३४ मध्ये इग्नेशियस यांच्याच हाताखाली ही साधना करून गेले होते. त्यांचा सण ३ डिसेंबरचा. त्यांच्या जुन्या गोव्याच्या फेस्ताला (सणाला) नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, करून जाणाऱ्यांनी परतताना ही पद्धतही सोबत आणली तर बिघडणार नाही.

कृती अशी. सकाळी उठल्याबरोबर, चहाच्याही आधी, त्या एका दोषाचं नाव मनात घ्यायचं आणि आज तो टाळण्यासाठी देवाकडे कृपा मागायची. याला अर्धं मिनिट पुरतं. दुपारच्या जेवणानंतर पहिली तपासणी. उठल्यापासूनचा वेळ तासातासाने डोळ्यांपुढून न्यायचा आणि जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके पहिल्या ओळीवर द्यायचे. रात्रीच्या जेवणानंतर दुसरी तपासणी, दुपारपासून रात्रीपर्यंतची, आणि ठिपके दुसऱ्या ओळीवर. सात दिवसांच्या अशा चौदा ओळी होतात. मूळ आकृतीत प्रत्येक दिवसाच्या ओळींपुढे एक अक्षर आहे, रविवारचं मोठं आणि पुढच्या दिवसांची लहान, कारण आठवडा सरेल तसे ठिपके कमी व्हावेत ही अपेक्षा. वहीच्या मागच्या पानावर पट्टीने रेघा मारल्या तरी चालतं. मोबाइलमध्ये करू नये. ठिपका द्यायला उघडलेला मोबाइल वीस मिनिटांनी खाली ठेवला जातो.

याच्या जोडीला चार बारीक सूचना आहेत आणि पद्धतीचा खरा जीव त्यांच्यात आहे. घसरलो की तिथल्या तिथे हात छातीवर ठेवायचा. चार माणसांतही हे कोणाच्या लक्षात येत नाही, आणि दुपारी आठवायला खूण राहते. रात्री दुसरी ओळ पहिलीशी ताडून पाहायची. दुसऱ्या दिवशी आजचा दिवस कालच्याशी. आठवडा संपला की हा आठवडा मागच्याशी. म्हणजे तुलना नेहमी स्वतःच्याच कालच्या ओळीशी. जावेच्या किंवा शेजाऱ्याच्या भक्तीशी नाही.

लोक सर्वांत जास्त अडखळतात ते दोष निवडताना. ‘मला नम्र व्हायचंय’ हा संकल्प दुपारी दोन वाजता मोजता येत नाही. शुभवर्तमानात याचा उत्तम धडा लूकच्या तिसऱ्या अध्यायात, १० ते १४ या वचनांत आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला लोक विचारतात, आम्ही काय करावं? तो कोणालाही ‘सद्गुणी व्हा’ असं मोघम सांगत नाही. दोन अंगरखे असणाऱ्याने एक द्यावा. जकातदाराने ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नये. शिपायाने धाकदपटशा करून पैसे उकळू नयेत, पगारात समाधान मानावं. प्रत्येकाच्या धंद्यातलीच खोड त्याने बरोबर पकडली आहे.

तसंच आपलं. दुकानदाराने नाताळच्या गर्दीत वजनात किंवा भावात होणारी चलाखी घ्यावी. कॅरलचा गट बसवणाऱ्याने चुकणाऱ्या मुलाला सगळ्यांसमोर टाकून बोलणं घ्यावं. घरात सगळ्यांचं करणाऱ्या बाईने ‘मी एकटीच राबते’ हे वाक्य मोजावं. तक्रार खरी असेल तर ती एकदा बसून नीट सांगावी, दिवसभर भांडी आपटत नव्हे. आणि बसून खाणाऱ्या पुरुषाने आयत्या ताटाचे ठिपके द्यावेत. दोष कृतीत किंवा शब्दांत दिसणारा हवा, रोज घडणारा हवा आणि ज्याचा त्रास दुसऱ्या कोणाला तरी होतो असा हवा. कुठला घ्यावा हे ठरत नसेल तर घरच्यांना विचारावं. त्यांना एका सेकंदात सांगता येतो.

पहिल्या आठवड्यात हमखास एक गोष्ट घडते आणि तिथेच बरेच जण वही मिटतात. ठिपके वाढतात. रविवारी तीन होते, बुधवारी आठ. दोष वाढलेला नसतो, लक्ष वाढलेलं असतं. आधीही आठच होते, दिसत तीन होते. दुसऱ्या आठवड्यात आकडा स्थिरावतो. त्यानंतर एकूण आकड्यापेक्षा ठिपके कुठे दाटले आहेत ते पाहावं. सगळे दुपारच्या ओळीवर असतील तर सकाळची घाई कारणीभूत असते, आणि इलाज रात्रीच शाळेचे डबे-कपडे काढून ठेवण्यात असतो. सगळे रात्रीच्या ओळीवर असतील तर बहुधा भूक, थकवा किंवा तालमीनंतरचा उशीर. देहाचा इतका हिशेब अध्यात्मात कशाला, असं कोणाला वाटेल, पण उपाशी माणसाचा संयम फार वेळ टिकत नाही.

दुपारची तपासणी सर्वांत जास्त चुकते. तिला आधार म्हणून आंजेलुस, म्हणजे घंटेबरोबर म्हणायची मरियेची छोटी प्रार्थना, घ्यावी. गावात चर्चची बाराची घंटा ऐकू येत असेल तर प्रश्नच नाही. ऑफिसात असणाऱ्यांनी डबा बंद करण्याची वेळ धरावी. रात्रीची अंथरुणात करू नये. पाच मिनिटांच्या आत झोप लागते आणि ओळ कोरी राहते. कोरी ओळ आणि ठिपका नसलेली ओळ यांत फरक हवा, म्हणून तपासणी झाली पण घसरण नाही अशा दिवशी ओळीच्या शेवटी छोटा क्रूस काढावा.

रात्रीच्या तपासणीत क्रम महत्त्वाचा. इग्नेशियस यांच्या सर्वसाधारण तपासणीचे पाच टप्पे आहेत: मिळालेल्या गोष्टींसाठी आभार, आपले दोष दिसावेत म्हणून कृपेची मागणी, दिवसाची झडती, क्षमायाचना, उद्याचा निश्चय. शेवटी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’. आभार पहिले आहेत हे सोयीसाठी नाही. थेट झडतीने सुरुवात केली की चार दिवसांत माणूस स्वतःवर खेकसायला लागतो.

ज्यांचं मन मुळातच शंकेखोर आहे, धर्मगुरूंपुढे एकदा झालेली पापांची कबुली (कन्फेशन) पुन्हापुन्हा उकरणारं, त्यांनी ही वही धर्मगुरूंना विचारल्याशिवाय सुरू करू नये. स्वतः इग्नेशियस १५२२ मध्ये मानरेसा इथे जुन्या पापांच्या शंकांनी इतके बेजार झाले होते की जीव द्यावासा वाटत होता. जुनी पापं पुन्हा कबूल करायची नाहीत असा निश्चय केला तेव्हा ते सुटले. त्यांच्या पुस्तिकेत अशा शंकांवर वेगळी टिपणं आहेत ती उगाच नाहीत.

कालावधी सोपा. आगमनकाळाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्ये पडतो. २०२२ मध्ये नाताळ रविवारी होता, म्हणून पूर्ण २८ दिवस मिळाले. २०२३ मध्ये तो सोमवारी आला आणि फक्त २२. कमी दिवस असले तर दोष बदलत बसू नये. (दिवस मोजण्याची हौस प्रोटेस्टंट घरांतही जुनीच. चार मेणबत्त्यांचं वर्तुळ आज कॅथलिक वेदीजवळ सर्रास दिसतं, पण १८३९ मध्ये ते सुरू केलं हॅम्बुर्गच्या योहान हिन्रिख विखर्न या लुथरन पाळकाने, नाताळ कधी म्हणून सारखं विचारणाऱ्या अनाथाश्रमातल्या मुलांसाठी, गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावून.)

नाताळाआधीच्या कन्फेशनला रांग मोठी असते आणि धर्मगुरूंकडे वेळ थोडा. तिथे वही उघडून ठिपके वाचायची गरज नाही. ‘चार आठवडे पाहिलं, थकलो की आईवर आवाज चढतो’ एवढं सांगितलं तरी सल्ला नेमका मिळतो. वही कोणाला दाखवू नये, मुलांच्या वह्या तपासू तर अजिबातच नये.

आणि २४ डिसेंबरला रेघा मारणं थांबवू नये. नाताळचा काळ प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत, म्हणजे जानेवारीत दुसऱ्या आठवड्याच्या आसपासपर्यंत चालतो. पाहुणे, दारू, पत्त्यांचे डाव, कोणाच्या ताटात कोणी काय पाठवलं याची कुजबुज, हे सगळं २५ तारखेनंतरच सुरू होतं. २६ डिसेंबर ते १ जानेवारी या आठवड्याचं पान आधीच आखून ठेवावं, कारण त्या दिवसांत पट्टी शोधायला कोणी उठत नाही.