आधी चार, नंतर सोळा

आमच्या नाटकाला शेवट नसतो. तो आम्ही मुद्दाम काढून टाकला आहे. यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी आत्महत्येवर पथनाट्य म्हटलं की शेवटी प्रेत आणि बायकोचा हंबरडा ठरलेला. लोक रडतात, आयोजक खूश होतात. मला त्याचा राग येतो. आत्महत्येच्या ठळक बातम्यांनंतर आत्महत्या वाढतात, हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ मध्येच दाखवून दिलं होतं. म्हणून आमचा नायक बैल विकून घरी येतो, गप्प बसतो, आणि तिथेच सूत्रधार खेळ थांबवून प्रेक्षकांना म्हणतो, "याच्या घरचं कोणी व्हा. या, जागा घ्या." ही पद्धत ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगस्तो बोआल यांची, खंजिरी आमची.

नाटकाने काय फरक पडतो, याचं मोजमाप माझ्याकडे. नाटकाआधी आणि नंतर घरोघरी पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजायची प्रश्नावली भरून घ्यायची: नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, बेरीज जास्त तर त्रास जास्त. पण डिसेंबरात हरभऱ्याला पाणी द्यायचं तर पंपाची वीज कित्येकदा रात्रीची. 'गेल्या दोन आठवड्यांत झोपेचा त्रास झाला का?' असं विचारलं की अख्खं गाव हो म्हणतं. थकव्याचंही तेच. मग मी खोदून विचारते, ओलीत नव्हतं त्या रात्री झोप लागली का? हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नाही, पण याशिवाय इथल्या झोपेच्या गुणांवर माझा विश्वास बसत नाही. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तो ओसरीवर विचारावा लागतो, शेजारी आई शेंगा सोलत असते. माणूस 'नाही' म्हणतो.

ज्याची ही गोष्ट, त्या माणसाची बेरीज चार होती. नवव्याला शून्य.

त्या संध्याकाळी पारावर जागा घ्यायला एक काकू उठल्या. एरवी बायका नायकाला 'पोराइकडं पाहा' म्हणून समजावतात. काकू त्याच्यासमोर मांडी घालून बसल्या. "काहो, जीव द्याचा इचार येते का तुमच्या मनात? सरळ सांगा मले." आमचा नट अडखळला, संहितेत याला उत्तरच नव्हतं. असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही भीती शिकल्यासवरल्या लोकांतही आहे. अभ्यासांत तिला आधार सापडलेला नाही. तरी प्रशिक्षित समुपदेशकही या वाक्यापाशी कचरताना मी पाहिले आहेत.

मागे बसलेला तो माणूस उठून निघाला. गावातल्या आशा स्वयंसेविका, आमच्या आशाताई, लगोलग त्याच्यामागे गेल्या. ग्रामपंचायतीच्या पायरीवर बसून तो बराच वेळ बोलला नाही. मग एवढंच म्हणाला, "मले येते." त्यांनी उपदेश केला नाही, पोराबाळांची आण घातली नाही, फक्त ऐकलं. त्याच्याच मोबाइलवरून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावून दिला. भावाला बोलावलं, फवारणीची औषधं त्याच रात्री भावाच्या घरी कुलपात गेली. दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ जिल्ह्याच्या दवाखान्यात गेले. उपचार चालू आहेत. आशाताईंना प्रकल्पातून मिळणारं मानधन सांगायचीही मला लाज वाटते.

संशोधनावर देखरेख करणाऱ्या नैतिकता समितीच्या अर्जात प्रश्न आहे: 'संशोधनामुळे सहभागीला त्रास झाला का? होय / नाही.' 'होय' लिहिलं तर नाटक धोक्याचं ठरतं. 'नाही' लिहावं, तर तो भर खेळातून उठून गेला हे खरंच आहे. आकड्यांतही तो वाईट दिसतो. नाटकानंतरच्या फेरीत त्याची बेरीज सोळा आली, म्हणजे आमच्या तक्त्यात 'प्रकृती बिघडली'. माझ्या मते आधीचे चार खरे नव्हते. पण त्रास वाढला की सांगायची मुभा वाढली, हे बेरजेवरून ओळखता येत नाही, आणि वाटलं म्हणून आकडा बदलता येत नाही.

मी 'होय'वर खूण केली आणि दोन पानं जोडली. त्यात मागणी आहे की नववा प्रश्न घरापासून दूर, एकट्याला विचारला जावा, आणि प्रत्येक खेळाला आशाताईंनी प्रेक्षकांकडे तोंड करून बसावं, त्याचं वेगळं मानधन घेऊन.

काकूंचा प्रश्न आता संहितेत आहे. नटाने त्यावर काय म्हणायचं, यावर गटात वाद चालू आहे. काहींना 'नाही' हवं, प्रेक्षक हादरू नयेत म्हणून. मी 'येते'वर ठाम आहे, कारण 'येते' ऐकल्यावर समोरच्याने काय करायचं हेच गावाला दाखवायचं राहिलं आहे.