आमची वाटचाल : ६२ चा बोअर आणि शिकाऊ पोरं

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत गाळा घेतला तेव्हा दोन लेथ, एक रेडियल ड्रिल आणि एक मिस्त्री, एवढाच संसार होता. पुढची वर्षं बरी गेली. सांगायचंय ते २०१९ च्या उन्हाळ्याचं.

त्या सुट्टीत डिप्लोमाची पाच मुलं सहा आठवड्यांसाठी घेतली. शिकवायला नव्हे, ऑर्डर उरकायला घेतली, हे कबूल करतो. सांगलीच्या पंपवाल्या काकांची चारशे बेअरिंग हाउसिंग, म्हणजे बेअरिंग बसवायची घरं, होती. बोअर, म्हणजे आतलं भोक, ६२ मिलिमीटर, एच-७, म्हणजे सूट फक्त शून्य ते अधिक ३० मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग). आणि पोरांच्या हातात आम्ही दिला व्हर्नियर! त्याचा लीस्ट काउंटच, म्हणजे मोजता येणारं सगळ्यात लहान माप, २० मायक्रॉन. भोक अचूक मोजणारं बोअर गेज कपाटात, किल्ली मिस्त्रींकडे आणि मिस्त्री लग्नाला गावी. २१० हाउसिंग ओव्हरसाइज. बेअरिंग अंगठ्यानं ढकललं तरी आत जायचं.

वाढलेला बोअर कमी होत नाही. आत बुश, म्हणजे बारीक नळी, ठोकून देतो म्हटलं तर काका नाही म्हणाले. कास्टिंगचे, म्हणजे काकांच्या ओतीव कच्च्या मालाचे, पैसे अंगावर आले, बँकेचा हप्ता थकला, एक लेथ विकायला काढली. काका स्वतः आले, खाली बसून एकेक हाउसिंग बघितलं आणि म्हणाले, "पोरांवर ओरडू नकोस. किल्ली कुणाकडं होती ते सांग." नवी कास्टिंग त्यांनीच पाठवली, पैसे सहा बिलांतून थोडे थोडे वळते केले. लेथ राहिली. आजही काकांचं काम आमच्याकडे सगळ्यात आधी मशीनवर चढतं.

दुसऱ्या वर्षापासून बोअर गेज भिंतीवर, गेज जुळवायच्या मास्टर रिंगच्या शेजारी. पहिला आठवडा मुलांनी फक्त मापं घ्यायची. तोच जॉब मिस्त्री मोजणार, मुलगा मोजणार, दोन्ही आकडे वहीत. एका मिस्त्रीमागं एकच मुलगा. लेथवर हातमोजे नाहीत, बाह्या कोपराच्या वर. चौथ्या आठवड्यापासून प्रत्येकाला स्वतःचं एक काम, एखादं ड्रिल जिग (भोक ठरल्या जागी पाडायचा साचा) म्हणा, ड्रॉइंगपासून ट्रायलपर्यंत. नुसता झाडू मारून घ्यायचा असेल तर मुलं घेऊच नका. कॉलेजला पत्र देताना काय शिकवणार ते लिहा, "ट्रेनिंग देऊ" एवढ्यानं भागत नाही.

आयटीआयचे शिकाऊ वेगळे, त्यांचा कायदा १९६१ चा. तीस माणसांपासून सक्ती आहे, माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यायचे. आम्ही बावीसच, तरी दोघं घेतो. विद्यावेतनाचा पंचवीस टक्के वाटा, कमाल १५०० रुपये, केंद्र सरकार उचलतं, पण करार आधी सरकारच्या शिकाऊ-नोंदणी पोर्टलवर नोंदवावा लागतो. बाकीची रक्कम वेळेवर बँकेत भरा. मुलगा खोलीचं भाडं त्यातूनच देतो.

एक गोष्ट मात्र अजून सलते. आमच्याकडे वर्षभर घासलेले तिघे टर्नर, म्हणजे लेथ चालवणारे, पलीकडच्या गाळ्यानं महिना दोन हजार जास्त देऊन नेले, तेही काकांची डिस्पॅच तोंडावर असताना. त्या मालकानं आजवर एकही शिकाऊ घेतलेला नाही. तिघांतले दोघं सात महिन्यांनी परत आले, मी त्यांना घेतलं. एकाकडं आता बोअर गेजचं कॅलिब्रेशन आहे. त्या मालकाशी मात्र मी अजून बोलत नाही.