भाद्रपदातलं ताक

भाद्रपद लागला की आमच्या घरात दही मिळत नाही. म्हणजे विरजण रोज लागतं, ओट्याच्या कोपऱ्यात पातेलं झाकलेलंही असतं, पण त्यातलं चमचाभर मागितलं तर आई म्हणते, "महिना कुठला चाललाय?" चातुर्मासाचा तिचा नेम आहे. श्रावणात पालेभाजी नाही, भाद्रपदात दही नाही, आश्विनात दूध नाही आणि कार्तिकात द्विदल नाही. गेली ४० वर्षं तरी पाळतेय. कार्तिकात डाळ बंद म्हणजे काय होतं ते माझ्या बायकोला विचारा. तिला रोज आमटी लागते.

तर त्याच भाद्रपदात, दुपारी जेवण झाल्यावर, आई वाटीभर ताक निवांत पिते.

मी विम्याचे दावे तपासतो. कागदात विसंगती दिसली की मला राहवत नाही. एकदा तिला पकडलंच.

"अगं, दही सोडलंयस ना तू?"

"हो."

"मग हे काय?"

"हे ताक आहे."

"दह्याचंच ना?"

"तूपही दह्याचंच. त्याला दही म्हणतोस का?"

दावा निकाली निघाला. पण माझ्या मनात ती पळवाटच राहिली. उपासाला साबुदाण्याची खिचडी दोनदा वाढून घ्यायची, तशातली.

पुढच्या एप्रिलमध्ये माझ्या छातीत जळजळ सुरू झाली. पित्त माझं जुनंच, पण त्या महिन्यात रात्री उशी भिंतीला लावून बसून झोपायची वेळ आली. नाशिकचा एप्रिल, दुपारचं ऊन, आणि ऑफिसात सगळ्यांचा एकच सल्ला: ताक पी, ताक थंड असतं. मी मनावर घेतलं. सकाळी घरून बाटली भरून न्यायची, ती संपली की खालच्या टपरीवरून पिशवीतलं मसाला ताक. घरचं ताक म्हणजे तरी काय, फ्रिजमध्ये तीन दिवसांपूर्वीचं उरलेलं दही, पाणी, मीठ, आणि मिक्सरची एक घिरकी. आंबट ढाण. मला तसंच आवडायचं. दिवसाला लिटरभर सहज जायचं, आणि जळजळ वाढतच चालली होती. मला वाटलं, ताक कमी पडतंय.

शेवटी आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसतात त्या वैद्यांकडे गेलो. ऐंशीच्या घरातले, बोलायला तिखट. ताक पितो म्हणालो तर त्यांनी विचारलं, "कसलं?"

कसलं म्हणजे? ताक. हा प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता.

"कधी विरजलेलं? लोणी काढलेलं की नुसतं घुसळलेलं? पाणी किती?" एकाचंही उत्तर मला येईना. मग त्यांनी मला अर्धा तास शिकवलं. बाहेर तीन पेशंट ताटकळत होते, त्याचं त्यांना काही नव्हतं.

ते सांगत होते ते असं. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात ताकाची ५ नावं आहेत. साय असलेलं दही पाणी न घालता घुसळलं तर घोल. साय काढून, पाणी न घालता घुसळलं तर मथित. चौथाई पाणी घातलं तर तक्र, निम्मं घातलं तर उदश्वित्. आणि लोणी काढून भरपूर पाणी घातलेलं, स्वच्छ, पातळ, ती छच्छिका. सुश्रुत मात्र तक्र म्हणजे निम्मं पाणी आणि लोणी वेगळं काढलेलं असं म्हणतो, म्हणजे मोजमापावर जुन्या लोकांचंही एकमत नव्हतं. (हे ऐकून मला बरं वाटलं. आमच्या खात्यातही परिपत्रकं अशीच असतात.) पण एका गोष्टीवर वाद नाही: दही पचायला जड, ताक हलकं. दही रात्री खाऊ नये, गरम करू नये, तूप-साखर, मुगाचं कढण, मध किंवा आवळा यांपैकी काही सोबत असल्याशिवाय खाऊ नये, असं चरक सांगतो. शरद, ग्रीष्म आणि वसंत या ऋतूंत तर दही बहुतेक वर्ज्यच म्हणतो. आणि तोच चरक ग्रहणीच्या, म्हणजे पचन बिघडून पोट सारखं बिघडण्याच्या, विकारात ताकाला सर्वांत वरचं स्थान देतो. भूक वाढवणारं, मळ बांधून ठेवणारं, हलकं म्हणून.

म्हणजे आई बरोबर होती. ताक म्हणजे दही नव्हे.

"मग माझी जळजळ का वाढली?" मी विचारलं.

"कारण तुम्ही जे पिता ते ताक नाही, आंबलेल्या दह्याचं पाणी आहे," ते म्हणाले. ताजं असेल तरच ताक विदाह, म्हणजे जळजळ, करत नाही, असं चरकानेच म्हटलंय. त्याचा शब्द 'सद्यस्क'. आणि सुश्रुताने कोणाला ताक देऊ नये याची यादीच दिलीय: जखम झालेल्याला नाही, अशक्ताला नाही, मूर्च्छा, चक्कर, दाह, रक्तपित्त (अंगातून रक्त जाणं) यांत नाही. आणि उन्हाळ्यात नाही.

उन्हाळ्यात नाही! मी दोनदा विचारून घेतलं. आमचं अख्खं ऑफिस उन्हाळ्यासाठीच ताक पितं. वैद्य म्हणाले, जिभेला गार लागतं ते वेगळं आणि अंगात गेल्यावर काय करतं ते वेगळं. ताक वीर्याने, म्हणजे अंगात दाखवतं त्या गुणाने, उष्ण. फ्रिजमध्ये ठेवल्याने वीर्य बदलत नाही. मग थोडे मऊ झाले. ज्याला सोसतं त्याने उन्हाळ्यात ताजं, गोडसर, पातळ ताक घ्यावं, त्यात साखर घालावी, जग बुडत नाही. वात असेल तर आंबट ताकात सैंधव, पित्त असेल तर गोड ताकात साखर, कफ असेल तर सुंठ-मिरी-पिंपळी. "तुम्ही पित्ताचे, आणि नेमकं वाताचं ताक पिताय. तेही बादलीभर."

महिनाभर ताक बंद, असं सांगितलं. मी केलं. रात्रीचं उशिरा जेवणही बंद केलं आणि सकाळचा दुसरा चहाही, त्यामुळे गुण नेमका कशाचा ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण आता उशी भिंतीला लागत नाही.

तेव्हापासून रविवारचं घुसळणं माझ्याकडे आलं. आईचा खांदा दुखतो, आणि मिक्सरमध्ये ती करू देत नाही. मिक्सर तापतो, लोणी विरघळतं आणि ताकाला वास येतो, असं तिचं म्हणणं. मी एकदा तिच्या नकळत करून पाहिलं. लोणी आलं, पण मलमासारखं, कणी नसलेलं, आणि ताकावर तेलकट तवंग. गपचूप कढीला वापरलं.

आठवड्याची साय एका डब्यात साठते. म्हशीचं दूध, रोज दीड लिटर. पहिल्याच दिवशी सायीत चमचाभर दही टाकलेलं असतं आणि डबा फ्रिजमध्ये असतो, त्यामुळे ती हळूहळू लागते. शनिवारी रात्री डबा बाहेर. सकाळी उंच पातेल्यात ओतायची, थोडं पाणी, आणि रवी. आईच्या माहेरी, सिन्नरकडे, घुसळखांब होता, दोरीने दोघी जणी घुसळायच्या. इथे मी दोन तळव्यांत रवी फिरवतो, देवळात हात जोडून उभा असल्यासारखा.

पहिली दहा मिनिटं काहीच होत नाही. जड, घट्ट, रवी ओढून फिरवावी लागते, आवाज घशातल्यासारखा. मग फेस चढतो, पातेल्याच्या काठापर्यंत येतो, आणि इथे माणूस कंटाळून थांबतो. थांबायचं नाही. आई स्वयंपाकघरात पाठमोरी भाजी चिरत असते आणि न वळता सांगते, "आलं आता." तिला आवाजावरून कळतं. रवी एकदम हलकी होते, आवाज पाण्याचा होतो, छपक छपक, आणि फेसात मोहरीएवढ्या पांढऱ्या कण्या दिसतात. थंडीत येत नसेल तर वाटीभर कोमट पाणी, उन्हाळ्यात बर्फाचं. मग कण्या एकमेकींना धरतात आणि रवीला गोळा चिकटतो.

लोणी तीन पाण्यांनी धुवायचं, पाणी नितळ येईपर्यंत. ताकाचा अंश राहिला तर तूप लवकर खवट होतं. कढवताना आधी तडतड, मग फेस, मग बारीक बुडबुडे, आणि शेवटी पातेलं गप्प होतं. गप्प झालं की गॅस बंद. आई त्यात विड्याचं पान टाकते. पाव किलोभर तूप निघतं. तळाची बेरी साखर घालून माझा मुलगा खातो. तो अठरा वर्षांचा आहे आणि बेरीसाठी अजून भांडतो.

आणि उरतं ते ताक. किंचित निळसर, पातळ, आंबटपणा बेताचा. यात मी आता काय घालतो? श्रावणात हिंग-जिरेपूड आणि चिमूट सुंठ, बाहेर पाऊस असतो आणि भूक मेलेली असते. थंडीत सुंठ-मिरी. चैत्र-वैशाखात साखर, नाहीतर आई ते सगळं कढीला आणि तांदळाच्या उकडीला संपवते.

कढीबद्दल एक सांगायचं राहिलं. बाहेर जेवताना दाट पांढरी कढी येते ती बहुधा दह्याची, आणि ती खाऊन मला जड होतं. आईची कढी पातळ, ताकाची, बेसन जेमतेम दोन चमचे, ताक फुटू नये एवढंच. फोडणी साजूक तुपाची: जिरं, कढीपत्ता, मिरची, आलं. मग ढवळत राहायचं आणि कडेला बारीक बुडबुडे दिसले की उतरवायची. "उकळी आली की कढी गेली," असं ती म्हणते. मीठ शेवटी. चरकाने दही गरम करू नये म्हटलंय, ताकाबद्दल तसं नाही, हे मी तिला मोठ्या उत्साहाने सांगितलं. "मग?" ती म्हणाली. तिच्या आईनेही कधी दह्याची कढी केली नव्हती, त्यात सांगण्यासारखं काय.

आता भाद्रपद संपत आलाय. पितृपक्षाची गडबड, दुपारी ऑक्टोबरची चाहूल लागण्यासारखं ऊन, आणि आईचं वाटीभर ताक रोज चालू आहे. आश्विनात ती दूध सोडेल. कोजागिरीचं आटीव दूध मात्र घेते, ते नैवेद्याचं. काल मी विचारलं, "आणि सकाळचा चहा? त्यात दूध असतं की."

आईने कप खाली ठेवला.

"शास्त्रात चहा कुठे लिहिलाय?"