कोपरा किती कापायचा?

दुधाची पिशवी कापताना कोपरा पुरता तोडायचा नाही, लोंबता ठेवायचा, हा आमच्या घरातला कायदा. तो सासूबाईंनी केला तेव्हा पर्यावरणाचा विषय घरात आलेलाही नव्हता. तुटलेला त्रिकोणी तुकडा मोरीच्या जाळीत अडकतो आणि पाणी तुंबतं, एवढीच त्यांची तक्रार. पुढे माझ्या लक्षात आलं की कचरा वेचणाऱ्या बायका अख्खी पिशवी उचलतात, पण नखाएवढा तुकडा कोण वेचत बसणार? तो थेट गटारात. म्हणजे सासूबाईंचा कायदा बरोबरच होता, फक्त त्यांना आपली मोरी दिसत होती.

कापल्यावर पुढचे सोपस्कार. पिशवी पातेल्यात निथळू द्यायची, मग थोडं पाणी घालून हलवायची आणि ते पाणी चहाच्या आधणात ओतायचं. पाणी गारच हवं. पहिल्यांदाच गरम घातलं तर दुधातली प्रथिनं आतून चिकटून बसतात आणि आंबूस वास काही केल्या जात नाही. गार पाण्यानंतर खुशाल गरम पाण्यानं धुवा. मग पिशवी बाजूनं उभी फाडून ओट्यामागच्या टाइल्सवर चापून बसवायची. वाळली की आपणहून सुटून खाली पडते. पाहुणे यायचे असले की नवरा त्या भराभर सोलून काढतो. पाहुण्यांच्या घरीही अशाच चिकटवलेल्या असतात, हे त्याला कोण सांगणार?

या पिशवीवर थालीपीठ थापतात, पण मला विचाराल तर थालीपिठाला ओलं फडकंच बरं. पिशवीवरून ते आधी तळहातावर घ्यावं लागतं. थेट तव्यावर उलटायला गेलं की पिशवीही गेली आणि थालीपीठही. पिशवीची खरी जागा पुरीची किंवा पापडाची लाटी दाबताना. दोन पिशव्यांच्या मध्ये लाटी ठेवायची, वरून ताटलीनं दाबायचं. छापील बाजू बाहेर, कोरी बाजू पिठाकडे. याशिवाय मेंदीचे कोन होतात, खाली भोकं पाडून कढीपत्त्याची रोपं लावता येतात. त्यासाठी मात्र पिशवी उभी फाडायची नाही, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे वरचा काठ तेवढा कापायचा वटहुकूम निघतो. पिशव्यांच्या पट्ट्या कापून क्रोशाच्या सुईनं विणलेलं एक आसनही घरात आहे. बसलं की घसरतं, म्हणून त्यावर देवाची परडी ठेवली आहे. परडी तक्रार करत नाही.

उरलेल्या रद्दीवाल्याकडे. आता यात पैसे किती वाचतात, हे एकदा बघावं म्हणून मी हिशेबाच्या वाटेला गेले. अर्ध्या लिटरची रिकामी पिशवी जेमतेम अडीच-तीन ग्रॅमची. किलोभर व्हायला साडेतीनशे-चारशे पिशव्या हव्यात. रोज एक लिटर दूध घेणाऱ्या घराला म्हणजे सहा महिने तरी पुरवठा करत राहावा लागतो, आणि मग रद्दीवाला जे हातावर ठेवतो त्यात दुधाची एक नवी पिशवी आली तरी खूप झालं. 2018 साली राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा दुधाच्या पिशवीला सूट मिळाली, पण अटीवर. पिशवी 50 मायक्रॉनपेक्षा जाड हवी आणि ती परत घ्यायची किमान 50 पैसे किंमत तिच्यावर छापलेली हवी. त्या हिशेबानं माझ्या किलोभर पिशव्यांचे पावणेदोनशे-दोनशे रुपये होतात! पण सकाळी सहाला दारात पिशव्या टाकून पळणाऱ्या मुलाला थांबवून सुट्टे पैसे मागणारी बाई अजून आमच्या सोसायटीत तरी जन्मलेली नाही. शिवाय धुणं, फाडणं, वाळवणं, रचणं यात गेलेला वेळ कुठल्याच हिशेबात धरलेला नसतो. धरला तर काटकसर हा घरातला सगळ्यात महागडा शौक ठरेल. तो बायकांच्या वाट्याचा आहे म्हणून फुकट वाटतो.

सासूबाईंचं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं. तेव्हा दूध काचेच्या बाटलीतून यायचं. आरे या सरकारी डेअरीच्या केंद्रावर रिकामी बाटली द्यायची, भरलेली घ्यायची. घरात उरायचं ते तोंडावरचं पातळ ॲल्युमिनियमचं झाकण, आणि बायका तेही सोडत नसत. धुऊन, सपाट करून दोऱ्यात ओवून त्यांची तोरणं करत.

परवा माझ्या लेकीनं काचेच्या बाटलीतलं गाईचं दूध मागवलं. शेतावरून थेट, भाव नेहमीच्या दुधाच्या दुपटीला टेकलेला. सासूबाईंनी बाटली उजेडात धरून पाहिली. लोणच्याला बरी आहे म्हणाल्या. लेक म्हणाली, "आजी, ती उद्या स्वच्छ धुऊन परत द्यायची असते."

"आणि झाकण?"

"तेसुद्धा."

"मग दुप्पट पैसे देऊन आपल्याकडे राहिलं काय गं?" असं म्हणून त्यांनी बाटली खाली ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पिशवीच आणायला सांगितली.